गरम पाण्याचं बजेट

नवीन फ्लॅटचं पझेशन मिळालं की लोक आधी टीव्हीची भिंत ठरवतात. आमच्याकडे आधी गीझरची ठरली. बायकोच्या मते हा शुद्ध वेडेपणा! पण आईबाबा वाईहून कायमचे पुण्याला आमच्याकडे यायचे होते आणि माझ्या डोक्यात एक हिशेब बरीच वर्षं पडून होता.

वाईच्या घरी तांब्याचा बंब. पहिली आंघोळ बाबांची, मग शाळेची घाई म्हणून आम्हा भावंडांची, आईची शेवटची. तोवर बंब निवलेला. एका माणसासाठी पुन्हा लाकडं कोण घालणार? ‘मला कोमटच आवडतं,’ असं ती म्हणायची. डिसेंबरातसुद्धा.

तर हिशेब. माणशी एक बादली, म्हणजे साधारण २० लिटर. थंडीत नळाचं पाणी २० अंश धरा, आंघोळीला ४० हवं. बादलीमागे अर्धं युनिटही लागत नाही. चौघांचं मिळून दोन युनिटांच्या आत. म्हणजे खरा लोच्या विजेचा नाहीच, वेळेचा आहे. सगळ्यांना सहा ते साडेसातमध्येच आटपायचंय!

इन्स्टंट गीझर स्वस्त आणि दिसायला क्यूट, पण तीन किलोवॅटचा असला तरी मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. एक बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. सिंकपाशी झकास, आंघोळीला नाही. १५ लिटरचा साठवणीचा गीझर ६० अंशांवर तापवला, तर थंड मिसळून दीड बादली होते. तेवढं पुन्हा तापायला दोन किलोवॅटच्या कॉइलला वीसेक मिनिटं. २५ लिटरवाला एका दमात अडीच बादल्या देतो. बाबांची एक, आईची एक, वर अर्धी शिल्लक.

गच्चीवर बिल्डरने सोलर दिलंय, ब्रोशरमध्ये जिमच्या शेजारी फोटो वगैरे. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वरून येणारा एक इंची पाइप १८ मीटरचा, त्यात रात्रभर गार झालेलं नऊ लिटर पाणी. म्हणजे पहाटे आधी जवळजवळ अर्धी बादली गारच येणार. ती कपड्यांना वापरतो. आणि जुलैतल्या ढगांचं काय? शेजारच्यांनी गॅस गीझर सुचवला. बंद बाथरूममध्ये तो नकोच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

शेवटी आईबाबांच्या बाथरूममध्ये २५ लिटरचा, आमच्यात १५चा. दोन्हींना १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट, वेगळे एमसीबी. नळ मिक्सरचा, कारण ६० अंशांचं पाणी थेट अंगावर आलं तर भाजतं. किचनची चिमणी त्यापायी दिवाळीवर गेली. बायको दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘माझ्या आईचीही शेवटचीच असायची रे.’

आईबाबा आले. पहिल्या सकाळी आई सगळ्यांचं आटपेपर्यंत थांबली. ‘संपेल की रे तुमचं!’ मी तिला तापल्यावर विझणारा दिवा दाखवला. ‘बरं बरं,’ म्हणाली आणि अर्धीच बादली घेतली. आता महिना झालाय. बादली पूर्ण भरते, नंबर मात्र अजून शेवटचाच.