राजवाडा, पन्हाळा आणि आजोबा

अंकासाठी पालकांनीही लिहावे असा बाईंचा आग्रह. माझा दिवस कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिण्यात जातो आणि मराठीतला शेवटचा निबंध मी दहावीच्या पेपरात लिहिला. तेव्हा चुकांबद्दल मोठ्यांनी क्षमा करावी, आणि मुलांनो, तुम्ही त्या शोधून काढाव्यात.

मी मूळचा कोल्हापूरचा. इथे कोणी विंडसर कॅसलचे कौतुक सुरू केले की मला राहवत नाही. "आमच्याकडेही राजवाडा आहे," असे सांगूनच मी गप्प बसतो. गेल्या वर्षी जुलैच्या सुट्टीत अकरा वर्षांच्या लेकीला तो दाखवायला नेले. काळ्या दगडाचा नवा राजवाडा, मधोमध घड्याळाचा मनोरा. आत म्युझियममध्ये तलवारी, पेंढा भरलेले वाघ, आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. मी तर घरमालकाच्या थाटात सगळे दाखवत होतो. बाहेर आल्यावर ती मनोऱ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हे आपल्याकडच्या टाऊन हॉलसारखंच दिसतं."

मला राग आला. तिचे म्हणणे बरोबर होते, म्हणून जास्तच आला.

हा वाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्याचाच, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा मूळ आराखडाही. मँट १८८१ साली, चाळिशीच्या आसपास वारला. कोल्हापूरचा वाडा तेव्हा पुरा व्हायचा होता. बडोद्याचे काम पुढे रॉबर्ट चिझम याने १८९० मध्ये पूर्ण केले. अशी एक आख्यायिका आहे की आपली आकडेमोड चुकली, इमारती कोसळणार, या भीतीने मँटच्या डोक्यावर परिणाम झाला. खरेखोटे कोण जाणे, पण मला ती ऐकून अंगावर काटा येतो. प्रोग्रॅम ग्राहकाकडे गेला की पहाटे तीनला उठून "ती एक ओळ बरोबर होती ना?" असा विचार करणाऱ्यांपैकी मी एक आहे. मँटच्या इमारती मात्र अजून उभ्या आहेत.

आता खरी गोष्ट पन्हाळ्याची. १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्यावर होती, नंतर ती खाली कोल्हापुरात आली. गड शहरापासून वीसेक किलोमीटर, गाडी थेट वर जाते, म्हणून आबांनाही (म्हणजे माझ्या वडिलांना) बरोबर घेतले. त्यांचे गुडघे आता चालू देत नाहीत. माझ्या लहानपणी याच माणसाने मला तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखान्याची प्रचंड दगडी कोठारे एका दिवसात पायी फिरवून दाखवली होती.

आम्ही येऊन आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत आजोबा आणि नात यांच्यात दुभाष्या मीच. ते मराठीत विचारायचे, ती माझ्याकडे बघायची, मी इंग्रजीत सांगायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघेही दमले होते.

गडावर पाऊस आणि धुके. दहा पावलांवरचे दिसेना. आम्ही एका टपरीच्या आडोशाला भाजलेली कणसे खात बसलो आणि आबांनी सुरुवात केली. १६६० साल, सिद्दी जौहरचा वेढा. राजापूरच्या वखारीतले इंग्रज त्याच्या मदतीला तोफा घेऊन आले होते. महाराजांनी ते ध्यानात ठेवले आणि पुढच्या वर्षी राजापूरवर चालून जाऊन त्या इंग्रजांना कैदेत टाकले. मी सवयीप्रमाणे भाषांतर करायला तोंड उघडले.

"तू गप बस की जरा," आबा म्हणाले. "तिला कळतंय."

मी गप्प बसलो. असाच जुलैचा पाऊस, रात्रीची वेळ, महाराज विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या पालखीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद बसला, जातीने न्हावी. 'न्हावी' म्हणजे काय हे तिने विचारले. आबांनी दोन बोटांची कात्री करून तिच्या केसांवर चालवली. ती हसली. मग शिवा पकडला गेला, मारला गेला, ते आले. ती बराच वेळ कणीस हातात धरून होती.

"आजोबा, त्याला माहीत होता, तो परत नाही येणार?"

"होतं की," आबा म्हणाले.

तिचे ते मोडके वाक्य मी सुधारले नाही.

या वर्षी ईस्टरला आम्ही फ्लॉरेन्सला गेलो, तेही एका कोल्हापूरकरासाठीच. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला आले होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघे वीस. आर्नो नदीकाठी कॅशिने बागेत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे छत्रीखाली त्यांचा फेटा बांधलेला अर्धपुतळा आहे. आणि ते स्मारक कोणाचे? आपल्या मँटसाहेबांचेच! लेकीला मी हे सांगितले, तर ती "मला माहीत आहे, आजोबांनी सांगितलं," म्हणाली.

तिने तिथूनच आजोबांना कार्ड टाकले. या वर्गात शिकलेल्या अक्षरांत, माझी मदत न घेता. 'महाराज' चा 'ज' उलटा. 'इथे आपले राजे एकटेच आहेत. मी त्यांना नमस्कार केला. तुमच्याकडून पण केला.'

तीन आठवड्यांनी आबांचा फोन आला. मी नेहमीसारखी तब्येतीची चौकशी सुरू केली.

"मी बरा आहे," ते म्हणाले. "तिला दे फोन."

ती फोन घेऊन जिन्यावर जाऊन बसली. पाऊण तास बोलत होते. काय बोलले ते दोघांनीही मला अजून सांगितलेले नाही.

– एक पालक