पासपोर्टवरचा शिक्का

आमच्या पिढीत नगर जिल्ह्यातून परदेशी जायचं म्हणजे आधी पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसात खेटे घालायचे, मग घरी चौकशीला येणाऱ्या हवालदाराचं चहापाणी बघायचं. स्पेलिंग चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चिकटवलेला फोटो बदलून भलत्यालाच पाठवणारे एजंटही तेव्हा होते. ते दिवस बरे होते असं म्हणवत नाही.

आता अर्ज घरबसल्या भरता येतो, ठरल्या वेळी फोटो आणि बोटांचे ठसे दिले की पासपोर्ट पोस्टानं दारात. हे चांगलंच झालं.

पण उतरल्यावर काउंटरवर द्यायची म्हणून विमानात वाटली जायची ती कार्डं आठवतात. एका रांगेत पेन एकच, आणि ज्याला इंग्रजी येई तो चौघांची कार्डं भरून देई. राहुरीच्या मावशींचं कार्ड भरता भरता कळायचं की त्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्यात, पिशवीत डिंकाचे लाडू आहेत आणि ते अडवतील का, याचा त्यांना घोर लागलाय. पुढे काउंटरवरचा साहेब फोटो बघायचा, तोंड बघायचा, किती दिवस राहणार विचारायचा आणि शिक्का मारायचा. धोतर-टोपीतल्या माणसाला उगाच बाजूला उभं करणारे साहेबही असत; तो अपमान आम्ही पाहिलाय. तरी शिक्का पडला की विषय संपायचा. गावी परतल्यावर भावकी तो पासपोर्ट पानं उलटून बघायची आणि मग तो सातबाऱ्याशेजारी कपाटात जायचा. आपण कुठं गेलो, कधी आलो, याची नोंद आपल्या घरात असायची.

आता ती नोंद त्या त्या देशांच्या सरकारांकडे. भारतातून निघताना विमानतळावर भरायचं कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झालं. युरोपातल्या शेंजेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकात नोंद घ्यायला सुरुवात केली; ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले, सीमेवर चेहरा द्यायचा. अमेरिकेनं २६ डिसेंबर २०२५ पासून परदेशी माणसाचा येताना आणि जाताना फोटो घेण्याचा नियम लागू केला. त्यांच्या नागरिकाचा फोटो १२ तासांत पुसला जातो, आपला ७५ वर्षांपर्यंत ठेवता येतो. सत्तरीच्या मावशींचा चेहरा त्यांच्या पतवंडांच्या काळातही तिथं असेल.

आणि ठसे? जन्मभर कांदा काढून, उसाचं पाचट ओढून बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. यंत्र घेत नाही. मावशी पदराला बोट पुसतात, पुन्हा दाबतात, आणि मागची रांग चुळबुळते.

२४ ऑगस्ट २०१७ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण परक्या देशाच्या त्या काउंटरवर तो मावशींच्या कामाचा नाही. फोटो कुठं जातो, कोण बघतं, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणीतरी सांगायलाच हवं. पण सांगितलं तरी त्या नको कशा म्हणणार? लेकीला नववा महिना लागलाय.