तीन पुरुष पाणी

पाण्याची खोली आपण पुरुषांत मोजतो. ‘विहिरीला दोन पुरुष पाणी आहे,’ असे सहज म्हणतो. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची जी उंची, तो एक पुरुष. मालवणात, दर्याच्या कुशीत वाढूनही या शब्दाकडे मी कधी थांबून पाहिले नव्हते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तीन पुरुष पाण्यात माझी जी फजिती झाली, तिने मात्र तो शब्द माझ्या कानात कायमचा बसवला. ‘कानात’ हे अगदी शब्दशः घ्यावे!

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आहेत, रंगीबेरंगी मासे आहेत. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पुढे स्कूबा डायव्हिंग आले आणि त्याच्यामागून पर्यटक आले. पावसाळा सरला की मी माझ्या काकांच्या होडीवर मदतीला जातो. सिलिंडर चढवायचे, उतरवायचे, पर्यटकांच्या अंगावर पट्टे आवळायचे. आमच्या होडीवर सगळे पुरुष. मास्क गोड्या पाण्याने धुणे, वहीत नावे उतरवणे आणि आलेल्या पाहुण्यांना सोलकढी-भात वाढणे हे घरातल्या बायकांकडे. हे कोणी ठरवले? कोणीच नाही. भरती-ओहोटी जशी कोणी ठरवत नाही, तसेच हेही, असे मला वाटत असे.

होडीवरची आमची वाक्येही ठरलेली होती. जोडपे आले की नवऱ्याला म्हणायचे, “साहेब, खाली एकदम मस्त दिसतं.” बायकोला म्हणायचे, “मॅडम, घाबरू नका हां!” ती घाबरली आहे की नाही हे विचारायची गरज आम्हांला कधी भासली नाही. आणि साहेबांचे ओठ पांढरे पडले असले, तरी त्यांना ‘घाबरू नका’ म्हणायची आमची छाती नव्हती. तो अपमान झाला असता ना!

माझी धाकटी बहीण माझ्याहून चांगली पोहते. पोहत असे, म्हटले पाहिजे. खाडीत शर्यत लावली की ती पलीकडच्या काठावर बसून माझी वाट पाही. ती सातवीत गेली आणि एक दिवस बाबा म्हणाले, “चेडू आता मोठा झाला. खाडयेत जावक नको.” तिने कपडे वाळत घातले आणि विषय संपला. मजा अशी की, माझी आजी सत्तरी ओलांडूनही ओहोटीला खाडीत उतरते. गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून पायाच्या बोटांनी चिखल चाचपते आणि बुडी मारून मुळे वर काढते. त्याला मात्र कोणी पाण्यात जाणे म्हणत नाही. ती कालवणाची सोय!

आता फजितीची गोष्ट. पर्यटकांना खाली नेण्याचे काम करायचे, तर रीतसर शिकायला हवे म्हणून मी प्राथमिक अभ्यासक्रमाला नाव घातले. आम्ही चौघे होतो. तीन मुलगे, आणि पुण्याहून आलेल्या चाळिशीच्या एक बाई. समुद्रात जाण्यापूर्वी एक वैद्यकीय फॉर्म भरून द्यायचा असतो. त्यात सर्दीविषयी प्रश्न होता. मला चार दिवसांपासून सर्दी होती. नाक चोंदले असताना बुडी मारू नये, हे आमच्या होडीवरच्या पोराटोरालाही ठाऊक असते. तरी मी ‘नाही’वर खूण केली. दोघे मुलगे शेजारी बसून भरत होते, आणि दर्याकाठचा मी सर्दी झाली म्हणून घरी बसलो, असे मला कोणी म्हणायला नको होते.

पाण्याखाली बोलता येत नाही. सगळा व्यवहार हातांच्या खुणांनी. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. पंजा आडवा धरून हलवला की ‘काहीतरी बिघडले’. अंगठा वर केला की ‘वर चला’. जमिनीवर जी शाबासकी, ती पाण्यात परतण्याची खूण! दर दोघांची एक जोडी असते. माझ्या वाट्याला त्या बाई आल्या. मनातून मी खट्टू झालो. होडीच्या काठावर बसताना सवयीने म्हणालोसुद्धा, “मॅडम, घाबरू नका.”

खाली जाऊ लागलो. समुद्रात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. सुरुवातीच्या काही मीटरांतच कानाचा पडदा आत दाबला जाऊ लागतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कानात हवा जाऊ द्यायची, मग पुढे उतरायचे. बाई दर हातभर खोलीला थांबत होत्या. एकदा त्यांनी कानाकडे बोट दाखवून पंजा हलवला, थोड्या वर गेल्या, कान मोकळे केले आणि पुन्हा खाली आल्या. मी मनात म्हटले, झाले यांचे सुरू! माझ्या कानात तेव्हा सुई टोचल्यासारखे होत होते. सरांनी खुणेने विचारले, “ठीक?” मी गोल करून दाखवला. दोनदा विचारले, दोनदा दाखवला. फुंकर कानापर्यंत पोहोचेना, म्हणून जोर केला.

‘तड्’ असा आवाज झाला. कानात थंडगार पाणी शिरल्यासारखे वाटले आणि सगळा समुद्र गरगर फिरू लागला. वर कोणते, खाली कोणते, काही कळेना. एकच ऊर्मी होती : तोंडातले सगळे फेकून पृष्ठभागाकडे सुटायचे. श्वास कोंडून तसे वर धावले, तर दाब कमी होताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटते. हा धडा मी आदल्याच दिवशी घडाघडा म्हणून दाखवला होता!

बाईंनी माझा पट्टा घट्ट धरला. माझ्या मास्कसमोर आपला मास्क आणला. स्वतः सावकाश श्वास सोडून बुडबुडे दाखवले. पुन्हा सोडला, पुन्हा दाखवले. मी त्या बुडबुड्यांकडे पाहत श्वास सोडू लागलो. मग त्यांनी सरांना अंगठा वर करून दाखवला. आम्ही तिघे हळूहळू वर आलो.

होडीत मी ओकलो. सावरल्यावर बाईंना म्हटले, “तुम्ही अजिबात घाबरला नाहीत.” त्या हसल्या. म्हणाल्या, “अरे, मी पहिल्यापासून घाबरलेलेच होते. म्हणून तर सारखी थांबत होते.”

डॉक्टरांनी सांगितले, पडद्याला छिद्र पडले आहे, आपोआप भरेल. तोवर पाणी वर्ज्य. घरी मी सांगितले, दर्या खवळलेला होता म्हणून वर्ग बंद आहे. बाबांना ते पटले. बहीण मात्र रात्री जवळ येऊन म्हणाली, “दादा, तुझो कान दुखता ना रे? खरा सांग.” तिला खरे सांगितले. ऐकून ती गप्प बसली. मग म्हणाली, “माका पाण्यात जावक देत नाय, आणि तुका भियाक देत नाय.” ही मुलगी यंदा बारावीत आहे. मानसशास्त्र मी शिकतो!

पुढचे दोन महिने रिकामा वेळ होता. पाणबुड्यांविषयी जे मिळेल ते वाचले. दक्षिण कोरियात जेजू नावाचे बेट आहे. तेथे बुडी मारून शिंपले आणि समुद्रातले इतर जीव काढणाऱ्या बायकांना ‘हेन्यो’ म्हणतात. पाठीवर सिलिंडर नाही. एका श्वासावर दहा मीटरपर्यंत जायचे. त्यांतल्या काही जणी ऐंशीच्या पुढच्या आहेत. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांना हे का जमते, याचे एक नेहमीचे उत्तर असे की, बायकांच्या अंगात चरबी अधिक, म्हणून त्यांना गारठा सोसतो. पुरुषांचे ते काम नव्हे. वाचून मला हसू आले. आमच्याकडे बुडी मारणे निसर्गतःच पुरुषाचे, जेजूत ते निसर्गतःच बाईचे. समुद्र तोच, श्वास तोच. मग हा निसर्ग बेटाबेटाला बदलतो की काय?

सिल्व्हिया अर्ल या अमेरिकन संशोधिकेविषयीही वाचले. १९६४ साली ती हिंदी महासागरातल्या मोहिमेवर निघाली, तेव्हा वृत्तपत्राचा मथळा तिच्या अभ्यासाविषयी नव्हता. सत्तर पुरुषांबरोबर एकटी बाई जहाजावर चालली, याविषयी होता. १९७० साली कॅरिबियन समुद्रात पाण्याखाली बांधलेल्या घरात तिच्या नेतृत्वाखाली पाच जणी दोन आठवडे राहिल्या, कारण स्त्रीपुरुषांनी तेथे एकत्र राहणे वरिष्ठांना रुचले नाही. १९७९ साली विशेष पोशाख घालून ती ३८१ मीटर खोल समुद्रतळावर चालली. आपल्या हिशोबाने ते किती पुरुष होतील? आकडा काढता येईल. पण तेथे चालत होती एक बाई!

आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात स्वभाव मोजण्याच्या प्रश्नावल्या असतात. झुकरमन यांनी १९६४ साली थरार शोधण्याची वृत्ती मोजणारी मापनपट्टी केली. स्पीलबर्गर यांनी तात्पुरती चिंता आणि स्वभावातली चिंता वेगळ्या करून दाखवल्या. ज्यांचा स्वभावच चिंतातुर, त्यांची पाण्याखाली घबराट होण्याचा संभव अधिक, असेही अभ्यासांत आढळले आहे. हे सगळे मी मानतो. पण त्या प्रश्नावल्यांत उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे असते, आणि मला माझा फॉर्म आठवतो. मला सर्दी होती, मी ‘नाही’ लिहिले. प्रात्यक्षिकाच्या तासाला ‘मला भीती वाटते’ या विधानापुढे मी ‘कधीच नाही’ लिहिले होते. मागच्या बाकावरच्या मुलीने कदाचित ‘कधी कधी’ लिहिले असेल. मग बेरीज झाली की मी धीट आणि ती भित्री! कागदावर उतरला तो आमचा स्वभाव की आम्हांला काय कबूल करण्याची मुभा आहे ते?

पण पुण्याच्या बाईंवरून ‘बायकाच अधिक शांत असतात’ असे म्हणणे, ही दुसरी चूक होईल. ती मी करणार नाही. होडीवर शांत पुरुषही पाहिले आहेत आणि घाबरून ओरडणाऱ्या बायकाही. मला एवढेच कळले की, पाण्यात भीती वाटणे हा दोष नाही. ती लपवणे हा आहे. आजीला हे केव्हाचे ठाऊक होते. माझा कान पाहून ती एवढेच म्हणाली, “दर्याक भियाक व्हया, झिला.”

एक गोष्ट राहिली. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. तरुणपणी खडकात अडकलेले जाळे सोडवायला ते बुडी मारीत. आम्ही समजत होतो, वयामुळे असेल. त्यांच्या कानात कधी ‘तड्’ झाले होते का, हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे हा अंक घरी गेला की तो मोठ्याने वाचला जाईल. वाचणार बहीण. तिला मी सांगून ठेवले आहे की, बाबांच्या उजव्या बाजूला बसून वाच, आणि ‘फॉर्म’ आला की गाळू नकोस. ते ऐकून काय म्हणतील, मला खरोखर ठाऊक नाही. बहिणीने मात्र आधीच विचारून ठेवले आहे, “मग माका कधी नेतलस?”

हे लिहिताना मला थोडी भीती वाटते आहे. तसे येथे लिहून ठेवतो.