रात्रपाळीच्या सिस्टर

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री झोप येईना. सिस्टर अधूनमधून येत आणि मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे पाहत राहत. शेजारी मॉनिटर सुरू असूनही. एकदा त्यांनी नाडी दोनदा मोजली आणि सरळ डॉक्टरांना बोलावलं. ताप त्यानंतर चढला. ती बोटं मनातून जात नाहीत. इतकं निर्धास्त मला लहानपणी आजारात आई उशाशी असतानाच वाटलं होतं.

त्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगची तीन वर्षांची पदविका. ‘बीएस्सी राहूनच गेलं,’ म्हणाल्या. घर, पाळ्या, पैसे.

घरी परतल्यावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०१४ चा अभ्यास वाचला. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली रुग्णालयं पाहिली. पदवीधर परिचारिका १० टक्क्यांनी वाढल्या, की शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. प्रत्येकीवर एक रुग्ण वाढला, की ती तितकीच वाढलेली.

म्हणजे पदवी हवीच, असं मला मनापासून वाटतं. शरीरात काय बिघडतंय हे ओळखायला अनुभवाबरोबर अभ्यासही लागतो. पण एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड टाकून पदवी मागणं अन्यायाचं आहे. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे. त्यासाठी त्यांना पगारी रजा मिळायला हवी. त्या दोन वर्षांत त्यांच्या जागी वॉर्डात कोण उभं राहणार, हेही ठरवावं लागेल.