ढिलाईचे माप

"खोकला आला, की पातळ बदलावं लागतं," ही कैफियत बायका सहसा आपणहून मांडीत नाहीत. कंबरदुखीचे निमित्त करून येतात, केसपेपरवर तेवढेच लिहून घेतात, आणि निघताना दाराशी थबकून, मान न वळविता, खरी फिर्याद नोंदवून जातात.

मी शिकत असताना या विकारावर बर्च यांच्या शस्त्रक्रियेचा अंमल होता. नॅशव्हिलच्या या शल्यविशारदांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेली रीत अशी, की मूत्राशयाच्या मानेच्या दोन्ही बाजूंस योनिभित्तीत टाके घ्यावेत आणि ते जघनास्थीमागील कूपरच्या बंधाला बांधून ढळलेला भाग वर टांगावा. टांगणे आणि आवळणे यांतला भेद पुस्तकात एका ओळीचा. माझ्या हाताला तो कळला, तो मी हौसेने करकचून गाठ मारलेल्या एका शेतकरीण बाईंमुळे. सोळा दिवस कॅथेटर राहिला. "बाई, आदी थांबत नव्हतं, आता निघत न्हाई," असे त्या रागावाचून म्हणाल्या, म्हणून ते अधिक लागले. तेव्हापासून दोरा मी बंधाशी भिडवीत नाही. मध्ये बोट शिरेल इतका मोकळा ठेवते.

पोटाच्या स्नायूवरील पांढऱ्या वेष्टनाची पट्टी काढून तिची मूत्रमार्गाखाली झोळी करणे, ही दुसरी रीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तुलनेत ६५५ स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत विभागल्या होत्या. दोन वर्षांनी खोकल्याशिंकेची गळती थांबलेल्या झोळीवाल्या ६६ टक्के, बर्चवाल्या ४९. निकाल झोळीकडे खरा. परंतु जंतुसंसर्ग आणि लघवी अडणेही तिच्याकडेच अधिक, हे त्याच दप्तरात नमूद आहे, आणि पहाटेची एसटी पकडून भाजीबाजार गाठणाऱ्या बाईच्या हिशेबात कोणते कलम जड, ते तिलाच विचारावे लागते.

पुढे स्वीडनच्या उल्मस्टेन यांची प्लास्टिकच्या जाळीची पट्टी आली. छेद पेराएवढा, आणि रोगी जागा. मात्र जाळीच्या छिद्रांतून मांस वाढते, ती पुढे टोचू लागली तर दोऱ्यासारखी ओढून निघत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने जुलै २०१८ मध्ये तिचा वापर थांबविला, तो अशाच फिर्यादींवरून. म्हणून अंगठा घेण्यापूर्वी मी हे सारे सांगते. काही बायका उठून जातात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

ज्या थांबतात, त्यांना टेबलावर मी खोकायला सांगते. पट्टी आणि मूत्रमार्ग यांच्यामध्ये कात्रीचे टोक धरलेले असते; धार आटते, थेंब उरतात, मग एकच थेंब. मदतनीस तोही घालवायला पट्टी ओढू पाहतो, तेव्हा मी त्याचा हात धरते.