मागचा आवाज

22 सप्टेंबर 2025, सोमवार

आजपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के. दादाचा पुण्याहून फोन. टीव्ही तो घेणार, दिवाळीला. "आवाजाचं तू बघ. सराउंड पाहिजेच."

दिवसभर पाऊस. गावाकडच्या सोयाबीनमध्ये पाणी उभं.

24 सप्टेंबर

आप्पा बातम्या लावतात तेव्हा आवाज गल्लीच्या टोकाला जातो. आई स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. आज जवळ बसून विचारलं, ऐकू येत नाही का?

"आवाज येतो गं. बोल कळंना."

27 सप्टेंबर, शनिवार

खोली मोजली. 14 बाय 10. टीव्ही आखूड भिंतीवर, समोर सोफा, सोफ्याची पाठ मागच्या भिंतीला टेकलेली. डावीकडे सलग भिंत. उजवीकडे ओसरीचं दार. खाली फरशी, वर स्लॅब. टाळी वाजवली तर तीच दोनदा ऐकू येते.

स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, घ्यायचंच तर 7.1. मागचे दोन स्पीकर ठेवायला सोफ्यामागं जागा लागते, आमच्याकडं वीतभरही नाही. 5.1 पक्कं. पुढं डावा-उजवा, मध्ये सेंटर, बाजूला दोन सराउंड, एक सबवूफर.

30 सप्टेंबर

आप्पांना घेऊन संभाजीनगरला, कान तपासायला. बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. मी काचेतून बघत होते. मध्ये बराच वेळ बोट हललंच नाही. त्यांना वाटलं असणार, सूर थांबलाय.

कागदावर दोन रेघा. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. 250 हर्ट्झ ठीक, 500 ठीक. 2000 पासून घसरण. 4000 ला दोन्ही कानांचा खड्डा, 65 डेसिबल. 8000 ला रेघ जरा वर येते.

डॉक्टरांनी एकच विचारलं. कामाला कुठं होतात?

"जालन्याला. रोलिंग मिल."

त्यांना पुढं काही विचारावं लागलं नाही.

रात्री

स, श, च, त, फ. या व्यंजनांचा जोर वरच्या पट्टीत, 2000 च्या पुढं. स्वर खाली, दणकट. म्हणून आवाज येतो आणि बोल कळत नाही. आवाज मोठा केला तर स्वरच आणखी मोठे होतात. वर्गात ध्वनी शिकवते. घरातला माणूस असा ऐकत होता.

कारखान्याच्या नियमांत 90 डेसिबलला 8 तास. 95 ला 4. 100 ला 2. आप्पांची पाळी 12 तासांची. कानात कापूस.

2 ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं दिलं, घेतलं. जेवणानंतर आप्पा आपणहून मिलबद्दल बोलले. सळई स्टँडमधून सुटली तर लाल सापासारखी हवेत फिरते. "आधी आवाज बदलायचा. वळून बघायला वेळ कुठला? मागनं आवाज आला की बाजूला उडी. कानावर जगलो आम्ही."

आई म्हणाली, सणाच्या दिवशी नको ते. आप्पा थांबले नाहीत. ते एवढं बोलतात तेव्हा मलाही थांबवावंसं वाटत नाही.

4 ऑक्टोबर

डावं-उजवं ओळखायची वाट वेगळी. एका कानाला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर. फरक जास्तीत जास्त सेकंदाचा दीड हजारावा भाग, पण मेंदूला पुरतो. हे खालच्या पट्टीत चालतं. आप्पांकडं ते शाबूत आहे.

पुढं-मागं ओळखतो तो कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळं, आणि त्यासाठी 4000-5000 च्या वरचा आवाज लागतो. बरोबर तेच गेलंय. ज्याच्यावर जगले तेच.

मग सराउंड मागं टांगून त्यांना काय मिळणार? पुढून आला की मागून, गोंधळच व्हायचा. बाजूला हवेत. मानक मांडणीत 5.1 चे सराउंड समोरच्या रेषेपासून 100 ते 120 अंशांवर. आपण 100 धरायचं. कानाच्या जेमतेम मागं.

5 ऑक्टोबर, रविवार

दुकान. विक्रेत्यानं हेलिकॉप्टर फिरवलं, मग गाड्यांची टक्कर. अशा प्रसंगात कुठलाही स्पीकर चांगला वाटतो. मी म्हटलं, रात्रीच्या गावातला प्रसंग लावा. सराउंडचं खरं काम तिथं असतं. लांबचं कुत्रं, वारा, रातकिडे. स्पीकर आहे हे लक्षात न येता खोली मोठी व्हावी. पहिल्या जोडीत रातकिडे खोक्यात बसल्यासारखे. दुसऱ्या जोडीत खोलीभर.

डायपोलही दाखवले. पुढं आणि मागं आवाज फेकतात, ऐकणाऱ्याकडं मुद्दाम कमी. थिएटरात भिंतीवर स्पीकरची रांग असते, तसं पसरट वाटावं म्हणून. छान वाटले मला. पण आप्पांना दिशा स्पष्ट लागणार. साधे, सरळ तोंडाचे घ्यायचे.

आप्पा दुकानात गप्प. रातकिड्यांच्या वेळी माझ्याकडं बघत होते, पुढं काय म्हणून.

6 ऑक्टोबर

रातकिडे साधारण 4000-5000 हर्ट्झला. आप्पांसाठी त्या प्रसंगात काहीच वाजत नव्हतं.

9 ऑक्टोबर

पैशांची वाटणी बदलली. चित्रपटातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात, म्हणून आधी सेंटर. जरा मोठा. सराउंड लहान चालतील, चार इंची वूफर, पण सेंटर आणि पुढच्या जोडीच्याच मालिकेतले. नाहीतर आवाज बाजूला सरकताना पोत बदलतो. रिसीव्हर डेनॉनचा, 5.1. दादाला कळवलं. तो म्हणाला, साउंडबार घेऊन मोकळी हो. नाही.

11 ऑक्टोबर

डावा भिंतीवर जाईल. उजवीकडं दार. स्टँड लागणार. तयार स्टँड बुटके, दोन-अडीच फुटांचे. सराउंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या दोनेक फूट वर पाहिजे.

आप्पांनी ऐकलं. "स्टँडचं मपल्याकडं."

13 ऑक्टोबर

एमआयडीसीतल्या ओळखीच्या शेडमधून चौकोनी पाइप आला. खाली जाड प्लेट, कोपऱ्यांना सळईचे तिरके आधार. वेल्डिंग करणाऱ्या पोराला आप्पा उभं राहून सांगत होते. पाइप पोकळ ठेवायचा नाही, आत वाळू भरायची, नाहीतर तो स्वतःच वाजतो. हे मी सांगणार होते. त्यांना आधीच माहीत. पाइपावर पाना मारून बोट टेकवलं, कंप बघितला, आणखी वाळू घातली.

15 ऑक्टोबर

16 गेजची तांब्याची वायर. दारावरून न्यायची. आई: दिवाळीची रंगरंगोटी झालीय, भिंत फोडायची नाही. पट्टीतून नेली.

19 ऑक्टोबर, रविवार

दादा आला. टीव्ही लागला. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढं ओढला. मागच्या भिंतीवर आजीची गोधडी ताणून लावली, टाळी आता एकदाच वाजते. माइक सोफ्यावर ठेवून रिसीव्हरची मोजणी केली. त्यानं माझ्या कानांचा हिशोब केला, आप्पांच्या नाही. सेंटर 4 डेसिबलनं वाढवला. सराउंड 2 नं कमी. पाठचा गलबला वाढला की बोल आणखी बुडतात.

बातम्या लावल्या. आप्पांनी रिमोट घेतला, आवाज कमी केला.

21 ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

फटाके. काही ऐकता आलं नाही.

23 ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

ओवाळणं झालं. आप्पांनी 'शोले' मागितला. 1975 ला तो 70 मिमीत, सहा ट्रॅकच्या आवाजात आला. मुंबईच्या मिनर्व्हात नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली बघायचे म्हणतात. गावोगावच्या टॉकीजला 35 मिमीची साधी प्रत, सगळा आवाज पडद्यामागून. आप्पांनी तसाच पाहिलेला.

रेल्वेवरचा हल्ला. टापा. आप्पांची मान डावीकडं वळली, पटकन. मग उजवीकडं. दादा माझ्याकडं बघायला लागला. मी पडद्याकडं बघत राहिले, डोळे भरले होते.

नाण्याची किणकिण मात्र त्यांना आली नाही. विचारलं तर म्हणाले, "पडताना दिसलं की."

2 नोव्हेंबर

वेल्डिंगवालं पोरगं आलं, स्टँड कसा दिसतो बघायला. आता मिलमध्ये लागलंय. आप्पांनी त्याला मधोमध बसवलं, मला म्हणाले, तो रात्रीचा प्रसंग लाव.

"काय वाजायलंय तिथं?"

"रातकिडे, काका."

"कुठं?"

"सगळीकडंच."

"मला काय ऐकू येईना." मग तपासणीचा कागद काढून त्याला खड्डा दाखवला. कानात काय घालतोस, विचारलं. कापूस. आप्पांनी मला सांगितलं, याला कानाचे ते गोळे आणून दे, चांगल्यातले. आणि वरून घालायचे मफही.

3 नोव्हेंबर

आणले. दोन जोड.

8 नोव्हेंबर, शनिवार

श्रवणयंत्राची ट्रायल. कानामागं बसणारं. स, श परत आले. वाटेत बसमध्ये कंडक्टरचं पहिल्या झटक्यात कळलं. पण यंत्राचा माइक पाळीच्या वर बसतो, वळ्यांचा उपयोग त्याला होत नाही. मागचं-पुढचं ओळखायला फारशी मदत नाही, तंत्रज्ञ स्पष्ट म्हणाल्या.

यंत्र पक्कं झालं की सेंटरचे वाढवलेले 4 डेसिबल थोडे थोडे कमी करून बघायचे. सराउंड 100 अंशांवरच ठेवायचे. स्टँड हलवायचा नाही, आईला सांगणे.