प्लॅस्टिकवाल्याची मुलगी

'तुझे बाबा काय करतात गं?' या प्रश्नाला कॉलेजात माझं ठरलेलं उत्तर होतं, 'बिझनेस.' कसला, असं कुणी खोदून विचारलंच तर 'मॅन्युफॅक्चरिंग.' त्यापुढे मी कुणाला जाऊच दिलं नाही. कारण पुढचा शब्द होता प्लॅस्टिक. आणि प्लॅस्टिक म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे बादल्या आणि तुळशीबागेतले डबे नाचायला लागतात. मास कम्युनिकेशनच्या वर्गात तर निम्म्या मुली पर्यावरणावर डॉक्युमेंटरी करत होत्या. तिथे बोलायलाच नको!

खरं तर बाबांनी आयुष्यात एकही बादली केलेली नाही. भोसरी एमआयडीसीत त्यांचा गाळा आहे. दोन लेथ, एक सीएनसी, एक मिलिंग मशीन आणि वीस वर्षांपासून लेथवर उभे असलेले मामा. नायलॉन, डेलरिन, टेफ्लॉनचे रॉड आणि जाड शीट येतात, ते कातून-कापून बुश, रोलर, गिअर बनतात. साचा करायचा तर खर्च लाखांत, तो हजारो नगांवरच वसूल होणार. ज्याला चाळीसच नग हवेत तो बाबांकडे येतो. तुमच्या कोल्ड्रिंकची बाटली कारखान्यात पट्ट्यावरून सरकते ना, तिला वळण देणारं पांढरं दातेरी चाक असतं. तसली कामं.

गेल्या पावसाळ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फ्रीलान्सर म्हणजे रिकामीच, असा आपल्याकडे ठाम समज असल्यामुळे गाळ्यावरची कागदपत्रं माझ्याकडे आली. दुसऱ्याच आठवड्यात मेल आला. बाटल्या धुण्याची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही नायलॉनचे दोनशे बुश दिले होते. तीन आठवड्यांत शाफ्ट जाम झाले. सगळा लॉट रिजेक्ट. सोबत कुरिअरने एक नमुना, लोखंडी घरात बसवलेल्या बुशसकट.

'मला दिसत नाही, तू बघ,' काळा चष्मा सावरत बाबा म्हणाले आणि प्लग गेज हातात दिला. गेजची एक बाजू बुशच्या भोकात जायलाच हवी आणि दुसरी जाता कामा नये, इतकं सोप्पं. जायला हवी ती बाजू तोंडाशीच अडली.

'पाणी प्यायलाय,' बाबा म्हणाले. मला वाटलं, गंमत करतायत. पण नायलॉन खरंच पाणी पितं. पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत, आणि पिऊन फुगतं. बुश बाहेरून लोखंडात घट्ट बसलेला, तिकडे फुगायला जागा नाही. मग तो आत सरकतो आणि शाफ्टचा गळा धरतो.

ड्रॉइंग पाहिलं. मटेरिअल: नायलॉन. त्यांनीच लिहिलेलं! मी जाम खूश. एक फर्मास इंग्रजी पत्र हाणलं. आपल्या ड्रॉइंगप्रमाणे, आपण मंजूर केलेल्या मापांप्रमाणे, सोबत तपासणी अहवाल, सबब आमची जबाबदारी शून्य. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

'इंग्रजी झकास आहे,' ते म्हणाले, 'पण आपले पार्ट बरोबर होते हे तीनदा आलंय.'

'खरंच आहे ना ते?'

'म्हणून एकदा पुरे. ते बाटल्या धुवायची मशिनं करतात हे मला ठाऊक होतं. धुवायची! नायलॉन चालेल का, हे मी विचारायला हवं होतं.'

आणि त्यांनी ठरवूनच टाकलं. दोनशे बुश नवे, डेलरिनमध्ये (ते पाणी जेमतेम एक टक्का पितं), मटेरिअल आपल्या खिशातून. मी हिशेब केला, तर गाळ्याचं दोन महिन्यांचं भाडं. चेकची वाट बघत जगणाऱ्या बाईसमोर असं काही बोलू नये. माझ्या तोंडून निघून गेलं, 'म्हणूनच आपण अजून याच गाळ्यात आहोत.'

मामांनी लेथ बंद केला. बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं फक्त 'रॉड काढा' म्हणाले.

पुढचे चार दिवस मी तिथेच होते. अपराधी वाटत होतं म्हणून, दुसरं काय! प्लॅस्टिक कापणं म्हणजे लोण्यातून सुरी, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात धातू बरा म्हणायची वेळ येते. चकमध्ये जरा जास्त आवळलं की गोल पार्ट लंबगोल होतो, सोडला की तिसराच आकार. टूलची धार किंचित गेली की तो कापायच्याऐवजी घासतो आणि वितळतो, कारण उष्णता आतून वाहून जात नाही. लांबलचक कीस फिरत्या चकला दोऱ्यासारखा गुंडाळतो, मामा दर वेळी मशीन थांबवून तो काढतात.

पहिला नग निघाल्या निघाल्या मी मोठ्या उत्साहात मायक्रोमीटर लावला. बाहेरचं माप पन्नास मिलिमीटर हवं होतं, भरलं जास्त. मामा हसले. 'गरम आहे तो. चहा पिऊन या.' पन्नास मिलिमीटरचं डेलरिन दहा अंशांनी तापलं तर सुमारे पंचावन्न मायक्रॉन वाढतं, म्हणजे जवळपास एका केसाएवढं. तेवढंच पोलाद वाढेल सहा मायक्रॉन. चहा पिऊन आले, माप बरोबर होतं. मायक्रोमीटरही पिळायचा नाही, रॅचेट कट-कट वाजला की थांबायचं. नाहीतर आपणच पार्ट दाबून हवं ते माप काढतो.

नवं पत्र चार ओळींचं झालं. काय झालं, का झालं, नवे बुश कधी पोचतील, आणि यापुढे पार्ट कुठे चालणार हे आम्ही आधी विचारू. पहिल्या बिलाचे पैसे आले, नेहमीसारखे उशिरा. दुसऱ्याचं बिलच केलं नाही. ते गाळ्याचं वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही. आमच्या घरात अशी वाक्यं मागे घ्यायची पद्धत नाही, त्याऐवजी मी शनिवारी मापं घ्यायला जाते.

बुशचं रफ काम झालं की ते रात्रभर पडू द्यायचे असतात. आतला ताण सुटतो, काय वाकडं व्हायचंय ते होऊन जातं, मग फिनिशिंग. त्या संध्याकाळी मामांनी टेबलावर आधी वर्तमानपत्र अंथरलं. 'शाई लागेल,' बाबा म्हणाले, 'पांढरं मटेरिअल आहे. तिच्या त्या मासिकाचे अंक आणा. गुळगुळीत कागद, डाग पडत नाही.' माझ्याच 'वीकेंडला कुठे जेवाल?' वर दोनशे बुश ओळीनं उभे राहिले. मामांनी पान सरळ केलं आणि विचारलं, 'हे तुम्ही लिहिलंय? वाचलं नव्हतं.'